दोन ठोके

मुकादमानं बाटली स्वतःच्या हातानं आणली, तेव्हाच थोरलीला शंका यायला हवी होती. मुकादम कधी बाटल्या उचलत नाही.

"एवढी बघा मावशी," तो म्हणाला आणि टेबलाशी उभा राहिला.

भंगारातल्या बाटल्या या शेडमध्ये यायच्या. हौदात, सोड्याच्या कढत पाण्यात धुऊन निघायच्या आणि शेवटी या पत्र्याच्या टेबलावर यायच्या. दिसायला सगळ्या सारख्याच लखलखीत. पण जिच्यात कधीकाळी कीटकनाशक नाहीतर रॉकेल होतं, तिचा वास कितीही धुतलं तरी मागे राहतो. म्हणून शेवटी नाकच लागतं. थोरली प्रत्येक बाटली हुंगायची. चांगली असली की क्रेटमध्ये, ती पुढे मधवाल्याकडे, सरबतवाल्याकडे जायची. वास आला की ड्रममध्ये टाकून फोडायची, ती काच भट्टीत. अख्ख्या शेडमध्ये बसून करायचं काम हे एवढंच.

थंडीतल्या तापात थोरलीचं नाक गेलं. कांदा हुंगला काय नि साबण हुंगला काय, सारखंच. हे एकट्या धाकटीला माहीत होतं. धाकटी म्हणजे तिची जाऊ. एका घरात राहायच्या, एका डब्यात जेवायच्या, आणि इथंही शेजारी उभी राहून धाकटीच बाटल्यांची तोंडं फडक्यानं पुसून थोरलीपुढं ठेवायची. तोड तिनंच काढली होती. पुसता पुसता आपण हुंगायचं आणि ठेवताना बाटली पत्र्यावर वाजवायची. एक ठोका, चांगली. दोन ठोके, फोड. थोरली मग बाटली नाकाशी नेऊन डोळे मिटायची, कपाळाला आठ्या घालायची. सोंग असं बेमालूम वठायचं की घरी गेल्यावर दोघी पोट धरून हसायच्या.

धाकटीनं मुकादमाच्या बाटलीचं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि बाटली ठेवली.

एक ठोका.

थोरलीनं बाटली नाकाशी नेली. डोळे मिटले.

"चांगली आहे."

"नीट बघा."

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी पुढची बाटली पुसत होती, मान खाली.

"चांगलीच आहे म्हटलं ना."

मुकादमानं बाटली उचलली आणि हौदावरच्या बायकांकडे दिली. पहिलीनंच तोंड फिरवलं. "रॉकेल आहे हो," ती म्हणाली.

"मीच हिच्यात रॉकेल खळबळलं सकाळी," मुकादम म्हणाला. त्याला काही आनंद झालेला दिसत नव्हता. "आजवर एक बाटली परत आली नाही, म्हणून तुमचं नाक गेलंय हे सांगितलेलं खरं वाटेना. उद्याला मधाची बाटली कुणाच्या लेकराच्या तोंडी गेली असती म्हणजे? तुम्ही आता हौदावर जा मावशी. इथं या बसतील."

या म्हणजे कोण, ते विचारायची गरजच नव्हती. तो निघून गेला.

थोरली उठली. हौदाची तिला भीती नव्हती, वर्षानुवर्षं तिनं तिथंच हात भाजून घेतले होते. पण घरातल्या माणसानं असा केसानं गळा कापावा, हे काही केल्या पचत नव्हतं.

"सांगितलंस ते एक वेळ ठीक," ती हळू आवाजात म्हणाली. "पण ठोका खोटा वाजवलास?"

धाकटीनं फडकं पिळलं. "नाक माझं आणि खुर्ची तुमची. किती दिवस चालायचं हे, ताई?"

"मागितली असतीस तर उठले नसते का मी?"

"मागितली होती. तुम्ही हसलात."

थोरलीला ते आठवेना. खूप आठवून पाहिलं, तरी आठवेना. खरंच मागितली होती की हाही खोटाच ठोका, हे आता कळायला मार्ग नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. जेवणाचा डबा दोघींच्या मध्ये होता. तो तिनं तिथंच राहू दिला.

हौदावरच्या बायकांनी तिला जागा करून दिली. रबरी हातमोजे भिजलेले होते, आत गार पाणी साचलेलं. ते चढवून ती वाकली आणि बाटल्या घासायला लागली. टेबलाकडे पाठ करून.

बऱ्याच वेळानं मागून पत्र्यावर आवाज आला.

दोन ठोके.

टेबलाशी धाकटी एकटीच होती. सांगायला तिथं कुणी नव्हतं. हाताला सवय लागलेली, दुसरं काय.

थोरलीनं मान वळवली नाही. पण ड्रममध्ये काच फुटल्याचा आवाज येईपर्यंत तिचे हात पाण्यात तसेच थांबले होते.