तेल कुठं जातं?

कल्पना करा, की तुम्ही ब्रॉन्विन आहात. वय अकरा. पायाखाली तांबडी धूळ, समोर गाडीचं उघडं बॉनेट आणि हातात डिपस्टिक. डिपस्टिकवर दोन खुणा असतात. इंजिनातलं तेल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. आत्ता ते खालच्या खुणेला जेमतेम टेकलं आहे, आणि सकाळीच तुम्ही ते वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं. दिसलं डोळ्यांसमोर? मग पुढे ऐका.

"परत?" आजोबांनी विचारलं.

"परत."

क्लॅरी आजोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आठवडाभर हेच चाललं होतं. त्यांना एका जागी बसवत नव्हतं. ब्रॉन्विनलाही नव्हतं.

रविवारी तिला ॲडलेडला जायचं होतं, वसतिगृहाच्या शाळेत. इथं ब्रोकन हिल गावाच्या पलीकडे, मेंढ्यांच्या रानात, लहान मुलं घरी बसूनच शिकतात आणि मोठी झाली की शहरात जातात. सोमवारी ती हजर झाली नाही, तर तिची जागा वाट बघणाऱ्या दुसऱ्या मुलीला मिळणार होती. आई दूरच्या खाणीत पाळीवर अडकलेली. म्हणजे न्यायचं आजोबांनीच, याच जुन्या गाडीतून. आणि जानेवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याच्या उन्हात, जिथं तासन् तास दुसरी गाडी दिसत नाही अशा रस्त्यावर, तेल पिणारं इंजिन घेऊन कुणी निघत नाही.

"चल, शोधू," आजोबा म्हणाले. "तेलाला दोनच वाटा. एक तर बाहेर गळतं, नाही तर आत जळतं."

त्यांनी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा.

"गळत नाही," ब्रॉन्विन म्हणाली.

"आता सायलेन्सरच्या मागे उभी राहा. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर आला, तर वॉल्व्हचं सील गेलं. वेग घेताना आला, तर पिस्टनच्या रिंगा."

सुरू करताना धूर आला नाही. मग ते रोजच्या फेरीला निघाले. मेंढ्यांच्या हौदांत पाणी आहे का, पवनचक्क्या चालतात का, ते बघायला. ब्रॉन्विन पूर्ण वेळ मागच्या काचेतून बघत होती. मागे फक्त तांबडी धूळ.

दुपारी झाडाखाली थांबल्यावर आजोबा नुसतंच पाणी प्यायले.

"चहा नाही आणला?"

"थर्मास फुटला गं."

घरी आल्यावर गाडी शेडमध्ये थंड व्हायला ठेवली. आजोबा तोंड धुवायला गेले, ब्रॉन्विन कोकराला दूध द्यायला. ते आईविना कोकरू पूर्वी इतकं अशक्त होतं, की पिचकारी आणि नळीने दूध थेट पोटात सोडावं लागे. आता ते बादलीत तोंड घालायचं आणि वर ढुशाही द्यायचं.

तासाभराने डिपस्टिक पाहिली. तेल खालच्या खुणेला.

शुक्रवारी डल्सी आली. सगळ्या मुलखातल्या पवनचक्क्या आणि इंजिनं तीच दुरुस्त करायची. तिने प्लग काढले. कोरडे, फिकट तपकिरी, हवे तसे. इंजिनातली वाफ बाहेर नेणारा पाइप फुंकून पाहिला. मोकळा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. सारखं.

"क्लॅरी, हे इंजिन तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"मग तेल कुठं जातं?"

"एका फेरीत लिटरभर तेल जळलं असतं, तर धुराने तुझ्या मेंढ्या निळ्या झाल्या असत्या." डल्सीने हात पुसले. "का हे कोकरू पितं?"

ब्रॉन्विन हसली, पण जरा उशिरा. "लिटरभर? अर्धा नाही?"

"दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एक लिटर. एवढंही शिकवलं नाही का आजोबांनी?"

आजोबा गाडीच्या चाकाकडे बघत होते.

"मग रविवारचं काय?" डल्सीने विचारलं.

"दोष सापडल्याशिवाय पोरीला घेऊन निघणार नाही. शाळेला तसं कळवीन."

डल्सीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग ब्रॉन्विनकडे. "सापडेल. नीट शोधा म्हणजे झालं," एवढंच बोलून ती गेली.

शनिवारी पुन्हा फेरी, पुन्हा खालची खूण. आता तेलाचा डबाही रिकामा झाला होता. ब्रॉन्विनने ताटातलं मटण तसंच ठेवलं. आजोबांनीही.

रविवारी उजाडताच ती कोकराच्या खोपट्यात गेली. गवत बाजूला करून तिने आदल्या दिवशीची बाटली काढली. काळं तेल, बरोबर अर्धा लिटर. आजोबा तोंड धुवायला गेले, की ती कोकराची नळी डिपस्टिकच्या भोकातून आत सोडायची आणि पिचकारीने तेल ओढून घ्यायची. रोज अर्धा लिटर, त्याहून थेंबभर जास्त नाही. मग बाकीचा अर्धा कुठं जात होता? इंजिन खरंच बिघडलं होतं? कदाचित तिच्यामुळेच?

बाटली घेऊन ती शेडमध्ये आली. भिंतीवर मेंढ्यांना औषध पाजायचा मोठा पंप टांगलेला होता. हिवाळ्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. तरी त्याच्या तोंडातून एक काळा ओघळ पत्र्यावरून खाली आला होता, लोकरीच्या पोत्यांपर्यंत. पोत्यांच्या मागे आजोबांचा थर्मास होता. कुठंही न फुटलेला. चांगलाच जड. तिने झाकण उघडून वास घेतला.

मग तिने बॉनेट उघडलं. आधी बाटली ओतली, नंतर थर्मास. डिपस्टिक पुसली, आत घातली, बाहेर काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला होतं. ब्रॉन्विनने आपली पेटी ओढत आणून गाडीत टाकली, रिकामा थर्मास मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली, आणि आजोबा बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवत राहिली.