घरापेक्षा जड

बुलडोझर दारात आला तेव्हा कौतिकबाई पाट्यावर मिरच्या वाटत होती.

"घर पाडायचंय. जागा पालिकेची आहे," अधिकारी ओरडला.

"जागा तुमची, घर माझं!" म्हणत तिनं शेजारणींना हाक मारली.

यंत्रानं थरावर थर छापून काढलेलं एअरोजेलचं घर ते. भिंतींत जेल नावापुरतं, बाकी सगळी हवा. बाहेर पन्नास अंश तापलं तरी आत गारवा. वाऱ्यानं उडू नये म्हणून पाट्याला बांधून ठेवलेलं. तिनं दोरी सोडली. चौघींनी चार कोपरे धरून घर उचललं आणि हद्दीच्या दगडापलीकडे नेऊन ठेवलं.

कौतिकबाई पदर खोचून परत आली.

"साहेब, घर आम्ही नेलं. हा पाटा तेवढा जड आहे, त्याला लावा तुमचा बुलडोझर!"