भावी उंची

व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या युवा चमूत एकच जागा उरली होती. सांगलीच्या निवडचाचणीत पलूसच्या क्रांतीने एकटीने बत्तीस गुण मिळवले. निवडतज्ज्ञांनी मोजमापाची फीत मात्र तिच्या आईला, शालूबाईंना लावली. पंधरा वर्षांची मुलगी आणखी किती वाढेल, हे म्हणे आईवडिलांच्या उंचीवरून ठरते.

"चार फूट दहा," त्यांनी खेदपूर्वक नोंदवले. "मुलीला वाव नाही."

"आवं सायेब, हिचं वडील सहा फुटांच्या वर हुतं," शालूबाई काकुळतीने म्हणाल्या.

"मग त्यांना घेऊन या. ऐकीव माहिती आम्ही ग्राह्य धरत नाही."

"त्यास्नी कसं आणू? लष्करात हुतं, शिमेवर कामी आलं. आता गावच्या चौकात पुतळा हाय त्यांचा."

तज्ज्ञांनी बंद केलेले पेन पुन्हा उघडले.

"पूर्णाकृती आहे, की अर्धपुतळा?"