चाळीसपैकी अडतीस

अकरावा कप अक्षता परबच्या समोर आला. आल्याचा चहा होता. रंग झकास, वर वाफ, बशीत एक थेंब सांडलेला नाही. तिला मात्र त्याला आठवडाभर मोरीत पडलेल्या ओल्या फडक्याचा वास येत होता. तिने चमचाभर चहा तोंडात घेतला, श्वास रोखून गिळला आणि हसून म्हणाली, "छान."

साकीनाक्याच्या मागच्या गल्लीतल्या त्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. पोरांनी चिठ्ठी उचलायची, निघेल ते पेय करायचं आणि दोघा परीक्षकांनी ते चाखायचं. अक्षता घरचीच परीक्षक, वर्षभर पेयं शिकवणारी. बाहेरून चंद्रप्रकाश सर आले होते. मोठमोठ्या हॉटेलांत तीस वर्षं काढलेला माणूस.

कोविडच्या तापातून अक्षता उठली ती नाक बिघडवूनच. आधी वास गेला. मग परत आला, पण असा, की पन्ह्याला गटार, ताकाला मेलेला उंदीर आणि कॉफीला तर जळकं रबर. याला आता तीन वर्षं झाली होती. कॉलेजात तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. नाक गेलेल्या बाईला पेयं शिकवायला कोण ठेवून घेणार? कोकमं किती वेळ भिजवायची, चहा किती उकळला की कडवट होतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. करणाऱ्याने आधी स्वतः चाखायचं असा नियम तिने घातला होता आणि त्याचं तोंड बघून ती मार्क टाकायची. या लबाडीची तिला किळस यायची. पण महिन्याच्या महिन्याला पगारही यायचा.

बारावा नंबर संघमित्राचा. वाकोल्याहून येणारी, मोजकंच बोलणारी मुलगी. वर्गात दूध-कॉफी निघाली की हिचा रुमाल नाकाला. "एवढी घाण वाटते तर इथे आलीस कशाला गं?" असं अक्षताने एकदा तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. तेव्हापासून रुमाल मुठीत असायचा.

संघमित्राला चिठ्ठी आली होती फेटलेल्या थंड कॉफीची. तिने चमचाभर चाखली, मान डोलावली आणि कप पुढे ठेवला. अक्षताने मन घट्ट केलं आणि चमचा तोंडात घातला.

रबर नव्हतं. तिने दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. गार, स्वच्छ, जिभेला बरं वाटेल असं काहीतरी घशाखाली उतरलं. तिचे डोळे भरून आले. नाक परत आलं! तिने कागदावर चाळीसपैकी अडतीस लिहिले. तीन वर्षांत स्वतःच्या जिभेने दिलेले पहिले मार्क.

तेवढ्यात चंद्रप्रकाश सर बेसिनकडे धावले. थुंकले, दोनदा चूळ भरली, तोंड वेडंवाकडं करत परत आले.

"कॉफीत मीठ? पुदिना? आणि ही लिंबाची साल? काय केलंस काय हे?"

संघमित्राने मान खाली घातली. "सर, कोविड झाल्यापासून मला कॉफीला टायर जाळल्यासारखा वास येतो. तो मरेपर्यंत मी एकेक घालत जाते. घरी सांगितलं तर म्हणतात, नाटकं करते."

मागे पोरं फिदीफिदी हसली. अक्षताने शेजारचा अकरावा कप उचलून हुंगला. तेच फडकं. नाक काही परत आलेलं नव्हतं.

सरांनी तिच्या कागदावर नजर टाकली. "अडतीस? मॅडम, आठ लिहायचे असतील. चुकून अडतीस झाले. खोडा ना, त्यात काय."

पेन हातातच होतं. एक रेघ ओढली की नोकरी शाबूत, पोरगी नापास. अक्षताने संघमित्राच्या मुठीतल्या रुमालाकडे बघितलं. आपण हिला काय बोललो होतो, आणि तेही स्वतः श्वास रोखून! त्या अकराही कपांची आली नव्हती एवढी किळस तिला स्वतःची आली.

"लिहा, लिहा. अजून आठ जण बाकी आहेत," सर म्हणाले. "आणि ते आधी बेसिनमध्ये ओता. कोण पिणार असली कॉफी?"

अक्षताने पेन खाली ठेवलं. कप उचलला आणि सगळ्या वर्गासमोर घटाघटा तळापर्यंत रिकामा केला. मागचं हसणं थांबलं.

"मॅडम!" सरांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे तुम्हालाही...?"

"तीन वर्षं झाली, सर." तिने ओठ पुसले आणि संघमित्राकडे वळून विचारलं, "भांड्यात अजून आहे का गं?"