एक झाड पुढं

हैदराबाद राज्य मोडलं, लेकाची नोकरी लटकली, तेव्हा पार्वतीबाईंच्या सुनेनं, गंगूनं, मुलींच्या शाळेत ड्रिलच्या बाईंच्या जागेसाठी अर्ज केला. परीक्षेत मैदानाच्या फेऱ्या धावायच्या होत्या. "सून एकटी जायची नाही," म्हणत पार्वतीबाई पहाटे सरावाला तांब्याभर पाणी घेऊन सोबत निघाल्या. पहिल्याच दिवशी गंगू जीव तोडून पळाली आणि कोपऱ्यावरच मटकन बसली. "नवा बैल एका दिवसात अख्खं वावर नांगरतो का गं?" सासूनं तांब्या मैदानाकडेच्या पहिल्या चिंचेखाली ठेवला. "इथवर पळ. पुढचं झाड पुढच्या आठवड्यात." चिंचा मागं पडत गेल्या. आज मात्र गंगू निघतानाच म्हणाली, "नक्को, आत्याबाई. तांब्यापाशी पोचले की संपलं. उद्यापासून येत नाही." सून धापा टाकत जवळ आली, तसा पार्वतीबाईंनी तांब्या उचलला, पदर खोचला आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी पुढच्या झाडाकडं धूम ठोकली.