कर्त्याची ओळ

“आज मी पत्र पाठवून टाकणार आहे. तुमच्या ओळीविना,” प्रेमला म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

दत्तात्रेयांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं नाही. कूलर घरघरत होता. वाळ्याच्या ओल्या वासाने खोली जडावली होती. बाहेर प्रेमनगरची वस्ती उन्हात निपचित पडली होती. पडद्यातून गाळून आलेल्या हिरवट उजेडात जागेपण कुठे संपतं आणि झोप कुठे सुरू होते, हेच कळत नव्हतं.

झाशीतल्या मे महिन्याच्या दुपारी अशाच असतात. प्रेमला रोज जेवण आवरून आडवी व्हायची आणि डोळा लागला न लागला तोच तिला मुग्धा दिसायची. कधी फ्रॉकमधली, कधी ओले केस सोडून उन्हात बसलेली. काही बोलायची नाही, नुसती आईकडे बघायची. त्या गुंगीतच कुठेतरी टक्‌ टक्‌ असा आवाज यायचा. कूलरचं पाणी ठिबकतंय, असं म्हणून प्रेमला कूस बदलायची.

खरी मुग्धा इंग्लंडात, लीड्सला होती. तिने तिकडेच लग्न केलं आणि मग फोन करून सांगितलं. “विचारलं नाहीस, मग सांगतेस तरी कशाला?” एवढंच बोलून दत्तात्रेयांनी फोन ठेवला. त्यानंतर लेकीशी शब्द नाही. आणि लेक कुणाची? “बाबांनी स्वतः ये म्हटलं, तर येईन,” तिने आईला बजावलं. शेरास सव्वाशेर! दोघांच्या मध्ये प्रेमलाचं मात्र पीठ होत होतं.

“आई, फोनवर तू नुसती रडतेस. त्यापेक्षा लिहीत जा,” मुग्धा म्हणाली. तिनेच तिकडून आईच्या नावाचं मेलचं खातं उघडलं, पासवर्ड ठरवला आणि फोनवर सांगितला. मग प्रेमला साठी उलटल्यावर सिव्हिल लाइन्समधल्या वाचनालयात मेल शिकायला जाऊ लागली. सुरुवातीला पडद्यावरचा तो बाण तिच्या हातात ठरेना. पुरणपोळी न फाटता उलटणारी बाई, पण एवढासा बाण तिला दमवायचा. शिकवणाऱ्या आभाजी मोठ्या धीराच्या.

“देखिए अम्माजी, चिट्ठी अपने आप सेव होती रहती है। न भेजिए, तो ड्राफ्ट में पड़ी रहेगी। और ये आपकी मशीन में थोड़े ही है, पासवर्ड हो तो कहीं से भी खोल लीजिए।”

यातलं दुसरं तिच्या डोक्यावरून गेलं. पहिलं मात्र इतकं आवडलं, की घरी येईपर्यंत ती स्वतःशीच हसत होती. कारण त्यांच्या घरात पत्र कधी एका हाताचं जात नसे. सासूबाई लिहायच्या, जावा दोन शब्द घालायच्या, मुलं कडेला नाव गिरवायची. सगळ्यांत खाली घरच्या कर्त्याची ओळ. ती पडेपर्यंत पत्र कोनाड्यात थांबायचं. ड्राफ्ट म्हणजे तो कोनाडाच की!

म्हणून तिने पाठवायचं बटण कधी दाबलंच नाही. रोज सकाळी ती थोडं थोडं लिहायची. कैरीचं लोणचं घातलं, मोगरा फुलला, तुझी खोली झाडून ठेवलीय. खाली जागा सोडायची आणि नवऱ्याला सांगायची, “तुमची ओळ तेवढी राहिलीय हं.”

“जिला माझी गरज नाही, तिला मी काय लिहू?” दत्तात्रेय म्हणायचे. सगळी नोकरी कारखान्यात कॉम्प्युटरवर गेली, पण घरच्या कॉम्प्युटरकडे ते तिच्यादेखत बघायचेही नाहीत. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की प्रेमला आशेने ड्राफ्ट उघडायची. जागा मोकळीच असायची. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं पुटपुटत ती स्वयंपाकाला लागायची.

आज मात्र तिला झोप आली नव्हती. मुग्धा दिसली नाही, याचीच तिला धास्ती वाटली. स्वप्नातूनही लेक गेली, तर उरलं काय?

“अगं, आजचा दिवस थांब,” वर्तमानपत्रामागून आवाज आला.

“किती थांबू? तुम्हाला तुमचा मान सांभाळायचाय. सांभाळा. मला माझी मुलगी हवीय.”

बाण आज बरोबर जागी गेला. ड्राफ्ट उघडला. लोणचं, मोगरा, खोली, सगळं जिथल्या तिथे होतं. आणि त्याखाली, रोजच्या मोकळ्या जागेत, काहीतरी लिहिलेलं होतं.

प्रेमला खुर्चीतल्या खुर्चीत वळली. “अहो, लिहिलंत तुम्ही! आणि मला सांगितलंतही नाही!”

वर्तमानपत्र खाली आलं. दत्तात्रेयांचा चेहरा गोरामोरा झाला होता. “मी? नाही गं. आज तर मी अजून…” ते उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

प्रेमलाने चष्मा नाकावर सरकवला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला.

“बाबा, रोज दुपारी तुम्ही इथे ‘मुग्धा, ये’ एवढं लिहिता आणि पुसून टाकता, मी इकडून बघत असते, आज पुसू नका.”