तेजस्वीचे सोमवार

फोन ठेवला आणि सुभद्राबाईंच्या ध्यानात आलं, आपण देवाच्या नावावर खोटं बोललो.

विमलाबाईंनी साधंच विचारलं होतं. "काल दोनदा फोन केललंय वयनी, उचललास नाय?"

"तेजस्वीचे सोमवार आसत," सुभद्राबाई बोलून गेल्या. "कुणकेश्वराक गेल्लंव."

पलीकडून प्रश्न आला, "किती वाजता होतास थंय?"

"सकाळीच."

"आमी पण थंयच होतंव गो! गुरुप्रसादाचेय सोमवार आसत. महिन्यातसून एक. गर्दी होती, नाय?"

"होती तर," सुभद्राबाई म्हणाल्या. हे दुसरं खोटं.

गुरुप्रसाद हा विमलाबाईंचा मुलगा. कट्टा गावात घर, ओरोसला नोकरी. फोटोत दाढी राखलेला, हसरा. तेजस्वीशी पत्रिका जुळली होती. तुळशीच्या लग्नानंतर मुलगी बघायला यायचं ठरलं होतं. "सांजचोच कार्यक्रम ठेवा हां," विमलाबाईंनी मुलाच्या काळजीने सांगून ठेवलं होतं. "झिलाक ऊन सोसणा नाय." सुभद्राबाईंनाही ते बरंच वाटलं होतं. संध्याकाळच्या उजेडात गाल नीट दिसत नाहीत.

आधीची दोन स्थळं गालांवरूनच गेली होती. मुरमं केव्हाच गेली, खड्डे राहिले. दुसऱ्या स्थळाची मावशी तर चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाली होती, "फोटोत आणि हयसर फरक आसा हां." त्या रात्री तेजस्वी जेवली नाही. सकाळी उठून तिने स्वतःच बांद्याच्या दवाखान्यात फोन लावला.

त्वचेचे डॉक्टर तिथे गोव्याहून येत, तेही फक्त सोमवारी. चार वेळा यायचं, प्रत्येक वेळी चार आठवडे सोडून. आधी गाल बधिर करायची क्रीम लावून पाऊण तास बसवत. मग दंडातून रक्त काढून नळी यंत्रात फिरवत. वर पिवळसर पाणी सुटे. लेझरने गालावर बारीक बारीक टिपके पाडून ते पाणी त्यात सोडत. "सगळे खड्डे जातील असं म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण भरून येतील." बाहेर दोन रांगांत माणसं ओढण्या, टोप्या, मास्क लावून बसलेली असत. कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही, असाच तिथला रिवाज होता.

सुभद्राबाईंना त्या यंत्राची घरघर घरी आल्यावरही ऐकू यायची. फोन झाल्यापासून तर जपाला बसलं की माळ मध्येच अडायची. किती मणी झाले ते आठवायचं नाही, पुन्हा मेरुमण्यापासून सुरुवात करावी लागायची. किती वाजता होतास, असं त्यांनी का विचारलं? त्या खरंच देवळात होत्या, आपण दिसलो नाही, म्हणूनच ना? देवाच्या नावाने खोटं बोलणाऱ्या घरातली मुलगी कोण करून घेईल?

"आये, तू कित्याक इतकी घाबरतंस?" तेजस्वी म्हणाली. "देवाक बेल, माका लेझर. दोघांचोय सोमवारच."

"मस्करी करू नको देवाची."

"मी खंय करतंय? तूच केलंस, फोनार."

सुभद्राबाईंनी त्या दिवशी मीठ सोडलं. शेवटच्या सोमवारापर्यंत अळणी जेवायचं, असं मनाशी धरलं. पण जीव थाऱ्यावर येईना. अखेर दवाखान्याच्या पुढच्या सोमवारच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितलं, "उद्या तू एकटीच जा बांद्याक. मी कुणकेश्वराक जातंय."

"आणि त्या भेटल्यो तर? मी खंय म्हणान सांगतलंस?"

"खरा काय ता सांगतलंय. मोडला तर मोडला."

सकाळी पहिल्या एसटीला तेजस्वी ओढणी गुंडाळून निघाली. दारातून वळून म्हणाली, "आये, जमला तर नको सांगू गो."

सुभद्राबाई उपाशीपोटी देवळात पोचल्या. बेल वाहिला, नाक घासून क्षमा मागितली. मग नंदीपाशी बसून येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड न्याहाळत राहिल्या. विमलाबाईंचा फोटो त्यांनी पाहिला होता. कपाळावर मोठं कुंकू, डाव्या बाजूला सोन्याचा दात. तशी कोणी आली नाही. गर्दी तर नव्हतीच. दहा वाजले, अकरा वाजले. थांबवेना, तेव्हा त्यांनीच फोन लावला.

"वयनी, मी देवळात आसंय. तुमी इलास काय?"

"आं?" विमलाबाई दचकल्यासारख्या वाटल्या. "होय होय. आमचा दर्शन झाला. आमी भायर पडलंव. खाली वाळयेर आसंव, होडयांकडे."

सुभद्राबाई लगबगीने देवळाच्या समुद्राकडच्या कठड्याशी आल्या. खरं सांगायचे शब्द त्यांनी रात्रभर जुळवून ठेवले होते. "थंयच रवा. माका तुमका एक सांगूचा आसा, तेजस्वीबद्दल."

खाली वाळूवर दोन होड्या ओढून ठेवल्या होत्या. सावलीत एक कुत्रा निजला होता. बाकी वाळू देवळापासून लांबवर मोकळी होती.

"वयनी, माका तुमी दिसणत नाय."

इथे लाटा पायऱ्यांपर्यंत गाजत होत्या, फोनमध्ये मात्र समुद्राचा आवाजच नव्हता. तिथे कसलीशी घरघर चालू होती, एका लयीत, बारीक. सुभद्राबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. घरघर हळूहळू मंदावली, थांबली. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मागून कोणी मुलगी स्वच्छ, शांत आवाजात म्हणाली,

"गुरुप्रसाद, तुमची क्रीम अजून पुसू नका. आधी तेजस्वी सत्यवान लोके, आत चला."